गप्प गिऱ्हाईक

गिऱ्हाईक गप्प झालं की काय करायचं, यावर दोन धंद्यांची दोन मतं होती, आणि ताईला दुपारच्या आत त्यातलं एक निवडायचं होतं.

चपलांच्या दुकानात ती बायकांच्या विभागात होती. सगळे तिला ताई म्हणत, मालकसुद्धा. फक्त पगाराच्या दिवशी त्याला हे नातं आठवत नसे. इथला नियम असा, की नवा जोडा घालून चालणारी बाई गप्प झाली की आपणही गप्प बसायचं. म्हणजे जोडा चावतोय. अशा वेळी बोललं तर जोडा खपतो, पण बाई पुन्हा येत नाही.

घरं विकणाऱ्या टीमची प्रमुख म्हणजे चावीबाई. कमरेला किल्ल्यांचा असा घोस, की ती जिन्यात असतानाच वरच्या मजल्याला वर्दी मिळावी. "तू मला जोडा घेऊ नका म्हणालीस आणि मी तुझ्याकडूनच दुसरा घेतला," ती ताईला म्हणाली होती. "जमेल तुला. आज एक घर दाखवायला सोबत ये आणि हो की नाही ते सांग. पगार नाही, दलालीत वाटा."

"पगार नाही, तर पोरीची फी कशातून भरायची?" नवऱ्याने विचारलं, आणि लगेच हळू आवाजात दलालीचा आकडा पुन्हा विचारून घेतला.

मालकाने निराळंच ऐकवलं. "दुपारी स्टुलावर दिसली नाहीस तर दुसरीला बसवतो. दोन पायांत दोन मापं घालून कुणी चालत नाही, ताई."

लिफ्टमध्ये चावीबाईने तिचा नियम सांगितला. "आमच्याकडे गिऱ्हाईक गप्प झालं की आपण बोलायचं. गप्प माणूस मनात हिशेब मांडतो, आणि हिशेब मांडणारा घर घेत नाही. मी किल्ल्या वाजवल्या की सुरू व्हायचं."

घर बघायला मुलगा, सून आणि मुलाची आई आली होती. मुलगा खिडकीतून गाडी कुठे लावता येईल ते बघत होता, सून ओट्यावर हात फिरवत होती. आजी मात्र बाथरूमच्या दाराशी अडल्या होत्या. आत जायला वीतभर उंच पायरी होती. त्यांनी चौकट धरली, पाय उचलला, आणि होता तिथेच परत ठेवला. मग गप्प उभ्या राहिल्या.

किल्ल्या वाजल्या.

ताईची जीभ निघाली सराईत. "आजी, सकाळचं ऊन थेट तुमच्या खोलीत येतं. नुसतं पाय शेकत बसावं."

ते खरं होतं, हीच तर पंचाईत.

आजींचा चेहरा उजळला. "हो का?"

"मग आवडलं ना, आई?" मुलाने विचारलं.

"आवडलं की."

चावीबाईने टोकनच्या रकमेचा विषय काढला. मुलाने चेकबुक काढून पेनचं टोपण उघडलं. ताईला आधी चक्क गुदगुल्या झाल्या. एका वाक्यात घर विकलं! मग आजी दाराशी चपलेच्या पट्ट्याशी झटताना दिसल्या, आणि सवयीने ती खाली बसली, त्यांचा सुजलेला पाय हातात घेतला.

आजी वाकून कुजबुजल्या, "तू म्हणालीस म्हणून हो म्हटलं हं. ती पायरी रात्रीबेरात्री जमेल ना गं मला?"

मागे किल्ल्यांचा आवाज थांबला. ताईने मान वर केली नाही. 'जमेल' म्हटलं की पोरीची फी सुटणार होती. तोंडातून निघायला जोर लागणार नाही असा शब्द.

"नाही जमणार, आजी," ती म्हणाली. "पायरी काढता येते का ते आधी विचारा. नसेल तर हे घर तुम्हाला चावेल."

मुलाने पेनला टोपण लावलं. "मी तेच म्हणत होते," सून म्हणाली. ती काहीच म्हणत नव्हती.

खाली उतरताना ताई बोलणी खायच्या तयारीत होती. चावीबाई शांत होती. "पायरी निघत नाही. खालून पाइप गेलाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या धंद्याचं मला माहीत नसेल? पण म्हातारी आता दुसरं घर तुलाच विचारून घेईल. उद्यापासून ये."

"म्हणजे खरं बोललेलंही खपतं?"

"तेच जास्त खपतं. कुठे बोलायचं ते मी सांगत जाईन." तिने घोस मुठीत धरला. "पहिलं घर विकलं त्या दिवशी मलाही जेवण गेलं नव्हतं. आता जातं."

ताई गप्प झाली. आणि नियमाप्रमाणे चावीबाई बोलू लागली: दलालीतला वाटा, वर्षाअखेरचा बोनस, पोरीची शाळा. पोरीच्या शाळेचं हिला कुणी सांगितलं? लिफ्टचं दार उघडेपर्यंत ताईला कळून चुकलं होतं, की आज गिऱ्हाइकं दोन होती, आणि त्यातलं एक आपण. जोडा देखणा होता. दोन पावलं चालून बघितला होता.

"नाही जमणार," ती दुसऱ्यांदा म्हणाली.

दुकानात तिच्या स्टुलावर मालक स्वतः बसला होता, हातात शूहॉर्न, कपाळावर घाम. "आलीस? पगार तोच राहील, आधीच सांगतो. आणि आजचा अर्धा दिवस—"

"हळू बोला," ताई म्हणाली. "त्या बाई चालतायत."