निळ्या अक्षरांतल्या बाई

"आई, हे वाचा. वैभवीनं तुमच्याबद्दल लिहिलं आहे," असं म्हणत दिपालीनं लॅपटॉप कापड बेतायच्या टेबलावर माझ्याकडे वळवला.

दिपाली माझी सून आणि वैभवी माझी जुनी विद्यार्थिनी. कामठीहून शेअर ऑटोनं यायची, दोन वेण्या घालून. आता खामल्यात तिचं बुटीक आहे आणि बुटीकची वेबसाइटही. मी चष्मा पुसून वाचलं. 'मी आज जी काही आहे, ती माझ्या बाईंमुळे. चार वेळा मी कापड बिघडवलं. बाई रागावल्या नाहीत. पाचव्यांदा त्यांनी स्वतःच्या कपाटातलं कापड माझ्यापुढे ठेवलं.'

मला भरून आलं. कपाटातलं कापड मी कधी कोणाला दिल्याचं आठवत नव्हतं, आणि न रागावल्याचं तर मुळीच नाही. पण पोरीनं आठवण काढताना थोडी साखर घातली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"हे अक्षरं निळे आहेत ना, ते दाबले का त्या बाईंचं पान उघडते," दिपाली म्हणाली आणि तिनं 'माझ्या बाईंमुळे' या शब्दांवर दाबलं.

पडदा पांढरा झाला. पान सापडत नाही, एवढंच आलं. वरच्या ओळीत पत्ता मात्र दिसत होता. प्रेमलता शिवणक्लास.

मी चष्मा काढून ठेवला.

नागपूरच्या नंदनवन भागातला पहिला शिवणक्लास माझा. तेव्हा जाहिरात लागत नव्हती. एका घरची मुलगी ब्लाउज शिवायला शिकली की तिची आई नळावर चार बायकांना सांगायची, आणि पुढच्या महिन्यात चार मुली दारात. मग तीन गल्ल्या सोडून प्रेमलतानं क्लास काढला. पेढे घेऊन आली होती. म्हणाली, "मीराबाई, तुमच्याच आशीर्वादानं." मी आशीर्वाद दिला. तेव्हापासून भाजी आणायला मी त्याच गल्लीतून जायला लागले. तिच्या दारात मुलींच्या चपला पडलेल्या असत, एकीवर एक. आतून हसण्याचा आवाज येई. शिवणाच्या वर्गात हसण्यासारखं काय असतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

"तिले मी शिकवलं," मी म्हणाले. "दोन वर्षं. माप घेणं, टक्स, बाही, सारं मी. प्रेमलताकडे गेली ती तीन महिने, गळ्याच्या डिझाइनी शिकायले. अन् बाई कोण, तर प्रेमलता."

"जाऊ द्या ना, आई. त्या तर गेल्या मागच्या वर्षी."

"गेली म्हून काय झालं? नाव तर ठेवून गेली ना तिथं."

"नाव नाहीच राहिलं. तेच तर सांगून राहिली मी तुम्हाले."

मिहानकडच्या एका कंपनीत दिपालीचं काम हेच आहे, दुकानदारांच्या वेबसाइट गूगलवर वर आणायच्या. माझ्या क्लासचं पानही तिनंच बनवलं. पण 'शिवणक्लास नागपूर' असं शोधलं तर आम्ही चौथ्या पानावर, आणि तिथवर कोणी येत नाही म्हणे. या मोसमात एकही मुलगी आली नव्हती. सगळ्या मशिनींवर कापडं टाकलेली होती. दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर मशिनी विकायच्या आणि खोली भाड्यानं द्यायची, असं मुलानं ठरवूनच टाकलं होतं.

"आपण आपली कितीही तारीफ लिहिली तरी गूगल मानत नाही," दिपाली समजावू लागली. "दुसऱ्या मोठ्या वेबसाइटनं आपली ओळख द्यावी लागते. ती ओळख म्हणजे लिंक. वैभवीचं पान मोठं आहे. प्रेमलताबाईंच्या पोरानं त्यांची वेबसाइट बंद पडू दिली, म्हणून ही लिंक मेली. आम्ही ऑफिसात दिवसभर हेच तर करतो. मेलेल्या लिंका शोधायच्या, अन् मालकाले म्हणायचं, याच्या जागी आमची लावा."

"मयतीच्या घरी जागा पाहायले गेल्यासारखं झालं हे."

"तुम्ही नाही गेल्या तर दुसरा क्लासवाला जाईल. आज ना उद्या कोणाचा तरी ईमेल येईलच वैभवीले."

मयतीचं मी सोसलं असतं. दुसऱ्या क्लासवालीचं सोसवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी खामल्याला गेले.

काचेचं दार, आत गारवा, पुतळ्यांच्या अंगावर जरीचे ब्लाउज. वैभवी पाया पडली. तिनं चहा सांगायला पाठ वळवली तेव्हा मी एका ब्लाउजची बाही उलटून आतली शिलाई पाहिली. सरळ होती. हा हात माझ्याकडे घडला होता.

मी काम सांगितलं. "एवढंच होय, बाई?" वैभवी म्हणाली. "मलेच कसंतरी वाटत होतं. गिऱ्हाईक ते अक्षरं दाबते, अन् काहीच उघडत नाही. लावते मी तुमची."

"पण लिहिलं तर प्रेमलताबद्दल आहे ना वं?"

"नाव कुठं लिहिलं आहे? 'माझ्या बाई' एवढंच आहे. तुम्हीही माझ्या बाईच."

चहा निवण्याआधी तिनं मोबाइलवरून ते करूनही टाकलं. मला हवं ते मिळालं होतं, आणि तरी मी सारा रस्ता चिडून आले. तिनं थोडे आढेवेढे घ्यायला हवे होते. प्रेमलतासाठी नाही, पण जी जागा इतक्या सहज मिळाली ती मुळात माझ्यापासून का दूर ठेवली होती, हे मला विचारायचं होतं.

गणपती उठले तोवर आम्ही पहिल्या पानावर आलो. फोन यायला लागले. पहिली आली कन्हानची पायल. तरतरीत, बोलकी. चौथ्या दिवशी तिनं मुंढा कापला, म्हणजे बाही जिथं बसते तो काखेतला गोल, आणि इतका खोल कापला की बाही जोडली तेव्हा ब्लाउज कामातून गेला. माझ्या वर्गात अशा वेळी मुली कापड मांडीखाली लपवत. ही उठून कापड हातात घेऊन माझ्यासमोर आली, हसत.

"बाई, बिघडलं."

"दिसून राहिलं मले. काहून हसतेस?"

ती गोंधळली. "तुम्ही रागावत नाही ना? मी वाचलं न तसं. म्हून तर मी एवढ्या दूर आली. आमच्याकडे कन्हानलेही क्लास आहे, पण तिथल्या बाई पट्टी मारते."

मी कपाटाकडे पाहिलं. आत कापड होतं, माझ्या मुलाच्या लग्नातलं उरलेलं, चांगलं. काढून दिलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? पायलनं घरी सांगितलं असतं, बाई अगदी लिहिल्यासारख्याच आहेत.

"ती मी नाही," मी म्हणाले. "ती प्रेमलता. तीन गल्ल्या पलीकडे होती. मागच्या वर्षी गेली. मी रागावते. कापड फुकट येत नाही, तुझ्या मायनं घेऊन दिलं आहे ते. बसायचं असंन तर बस, नाही तर कन्हानचा ऑटो चौकातून भेटते."

पायल उभीच राहिली. मग तिनं विचारलं, "मग तिथं तुमचं पान काहून उघडते?"

"त्यांचं बंद पडलं म्हून."

"कशा होत्या त्या?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तिच्याबद्दल मी न विचारता पुष्कळ बोलले होते.

"मुंढा तिचा जन्मात बसला नाही," मी म्हणाले. "पोरी मात्र बसायच्या."

पायलनं त्या बिघडलेल्या कापडाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि खाली बसून बाहीचे टाके उसवायला घेतले. दुपारी आणखी दोघी येणार होत्या. मी उठून त्यांच्या मशिनींवरची कापडं काढली.