मावशीची टाकी

मी माशांची टाकी बोलतेय. टाकी म्हणावं असं माझ्यात आता फारसं उरलेलं नाही, पण जीव नुसता कासावीस झालाय. तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला?

माझा जन्म काचवाल्याच्या दुकानातला. पाच काचा कापून, कडा घासून त्याने मला चिकटवलं आणि न्यायला आलेल्या घड्याळवाल्याला बजावलं, "पुढेमागे गळली तर बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन लावू नका. त्यात बुरशीचं औषध असतं. बुरशी मरेल आणि मासाही मरेल." घड्याळवाल्याने मान डोलावली. तेच आमचे आजोबा.

माझ्यात मासे आले आणि गेले. शेवटी उरली ती एकच मासोळी, केशरी, गुबगुबीत, नऊ वर्षांची. दारात कोणीही आलं की काचेला नाक लावून चौकशीला हजर, म्हणून तिचं नाव पडलं मावशी.

गेल्या वर्षी आजोबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडात एकच शब्द राहिला, "हो". पाणी देऊ? हो. नको? हो. पंखा लावू? हो. राहू दे? हो. सुनेने हे आठवडाभरात ओळखलं. ती शब्द सोडून त्यांच्या डोळ्यांकडे बघायची. मुलगा भोळा. बाबा हो म्हणाले की त्याला आपलं बरं वाटायचं.

मला त्यांच्या पलंगालगत ठेवलं होतं. एका कुशीवर पडून त्यांना तेवढंच दिसायचं. मावशी समोर असली की चार घास पोटात जायचे, नसली की तोंड घट्ट मिटलेलं. एवढं मोठं आयुष्य जगलेला माणूस एका माशावर येऊन टेकला होता, आणि तो मासा माझ्या पोटात होता. मला किती धास्ती वाटायची, काय सांगू!

मुलगा प्लंबर. परवा सकाळी कामावर निघायच्या घाईत त्याने पान्ह्यांची पिशवी खांद्यावर टाकली, ती थेट माझ्या डाव्या काचेवर आदळली. तडा गेला. पाणी जमिनीवर धावायला लागलं.

"अहो, काय केलंत हे!" सून बादली घेऊन धावली. "काचवाल्याला बोलवा कोणीतरी."

"प्लंबरच्या घरातली गळती दुसऱ्याने काढायची? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. हातचा मळ आहे हा."

मावशी बादलीत गेली. त्याने मला कोरडी केली आणि पिशवीतून पांढरी नळी काढली. बाथरूमची! माझ्या काचा गार पडल्या. ओरडायला मला तोंड कुठलं?

नळी समोर धरून त्याने विचारलं, "बाबा, हेच लावू ना?"

आजोबांचे डोळे विस्फारले. डावा हात चादरीवर आपटायला लागला. त्यांना सगळं आठवत होतं. सगळं बळ एकवटून त्यांनी तोंड उघडलं.

"हो."

"बघ, बाबाही म्हणतायत," तो खुशीत बायकोला म्हणाला. पण ती ओली फरशी पुसत होती, तिची पाठ होती. तडा भरून झाल्यावर याने हौसेने माझे सगळे सांधेही लिंपले.

दोन दिवस वाळायला ठेवलं. बादलीत मावशी हवेसाठी वर येऊन तोंडाची उघडझाप करत होती. आजोबांना बादलीचं निळं प्लास्टिक तेवढं दिसत होतं. दोन दिवसांत त्यांनी घास घेतला नाही.

आज सकाळी त्याने मला भरलं. गळती नाही, स्वारी खूश. बादली पलंगापाशी आणून त्याने मावशीला उचलायला हात घातला, तोच आजोबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. सोडेचनात.

"अहो बाबा, तुमच्यासाठीच चाललंय ना? सोडा!"

"हो," आजोबा म्हणाले, आणि पकड आणखी घट्ट केली.

"थांबा," सून म्हणाली. "डोळे बघा त्यांचे. नाही म्हणतायत ते." तिने रिकामी नळी उचलून मागचं बारीक छापलेलं वाचलं. मग नुसतीच नवऱ्यापुढे धरली.

त्यानंतर त्याने मला रिकामी करून पात्याने खरवडलं, इतकं वेड्यासारखं, की तडा थेट तळापर्यंत धावला. मी संपले. काचवाला गाव सोडून गेलेला. नवी टाकी यायला चार दिवस, आणि मावशीकडे चार दिवस नव्हते.

त्याला काचेतलं कळत नव्हतं, गळतीतलं कळत होतं. अंगणातली चौकोनी प्लास्टिकची टाकी त्याने आत ओढली, तिच्या एका बाजूला खिडकी कापली. माझी समोरची धड काच सोडवून, कडा पुन्हा पुन्हा धुऊन, रबराच्या पट्ट्या घालून ती नटबोल्टने आवळली. प्रत्येक नट आवळताना तो पुटपुटत होता, "चुकलं बाबा, चुकलं." बाकीच्या माझ्या चार काचा दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या आहेत.

आता मी एवढीच, एक खिडकी. पाणी माझ्या वरच्या कडेपर्यंत चढलंय. थेंबही गळत नाही. मावशीला सोडलंय, पण ती पार मागे, तळाशी तिरकी पडून आहे. कल्ला हलतो, मग बराच वेळ हलत नाही.

मुलगा पलंगाशी वाकलाय. "बाबा, दिसतेय का मावशी?"

"हो."

त्यांना काही दिसत नाही हो! माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पुढे ये गं मावशे, एकदा नाक लाव मला. त्यांचा एक तरी हो खरा होऊ दे.