पाण्यातून आलेली हाक

"बाई गं, तू लोकांना पाण्यात का बोलावतेस?"

मित्रांनो, काल एका मुलीनं माझा खांब घट्ट धरून नदीला हा प्रश्न विचारला. शाळेच्या नाटकात तिला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं होतं, तेही नदीतल्या बाईच्या भुताचं! मैत्रिणी म्हणाल्या, मग भुतालाच विचारून ये. आणि स्वतः मात्र रस्त्यावरच थांबल्या.

नदी काय बोलणार? उत्तर मला ठाऊक होतं. मी धक्क्यावरची एक जुनी घंटा आहे. पूल झाल्यापासून इथे होडी लागत नाही की कुणी मला वाजवत नाही.

एके काळी धुक्यात माझ्याशिवाय नावाड्यांचं पान हलत नसे. तीन टोले, मग वीसपर्यंत मोजायचं, पुन्हा तीन टोले. त्या आवाजावर होड्या धक्का गाठत. मला वाजवणारा वारला आणि त्याच्या बायकोनं दोर हाती घेतला. तिचं मोजणं कधी चुकलं नाही. दोर कुजलाय, असं तिनं धक्क्याच्या कचेरीत तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, बघू.

एका सकाळी दाट धुक्यात होडी मधोमध असताना दोर तुटला. तिचा हात माझ्यापर्यंत पोचेना. मग ती पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि ओरडत राहिली, "इकडे या, इकडे!" त्या हाकेवर होडी धक्क्याला लागली. ती मात्र शेवाळावरून घसरून वाहून गेली.

कचेरी गप्प बसली. होडीतल्या लोकांनी घरी एवढंच सांगितलं, की पाण्यातून एक बाई बोलावत होती, पण दिसली नाही. पुढे गावानं मीठमसाला लावून तिचं लोकांना पाण्यात बोलावणारं भूत केलं.

त्या होडीतले एक आजोबा अजून रोज माझ्याखाली येऊन बसतात. तुटलेला दोर त्यांनी पाहिला होता. पण कुणाला सांगितलं की लोक हसायचे, म्हणून त्यांनी सांगणंच सोडलं होतं. काल मात्र त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोरी, तिच्या हाकेवर मी जगलोय."

मित्रांनो, माझं काय, मी अशीच लटकत राहीन. पण कुणी दोर कुजलाय म्हणालं, तर त्याच दिवशी बघा.

काल आजोबांचं बोलणं संपतंय, इतक्यात मुलीचे आईबाबा तिला शोधत आले. बाबा म्हणाले, भूत नाटकात हो, इथे नको.

ती डोळे पुसून म्हणाली, "बाबा, मी भूत होणार नाही. खरी गोष्ट करायची असेल तर मी आहे. शाळेतल्या बाई नाही म्हणाल्या, तर मी नाटकातच नाही."