लाल शाईतली खोली

स्टोअरकीपरला रशियन शिकायची काही गरज नव्हती. गरज होती त्याच्या बायकोला. तिच्या कारखान्यात रशियातून यंत्रं आली होती, त्यांची माहितीपत्रकं कुणाच्या बापाला कळत नव्हती, आणि परीक्षा पास झाली तर ते काम बघणारं टेबल तिला मिळणार होतं. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती मास्तरांकडे जाई.

हा 'मास्तरांकडे' शब्दच त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला. ती निघाली तरी मास्तरांकडे, तासभर तिथे बसली तरी मास्तरांकडे. मराठीला त्या फरकाचं काही पडलेलं नाही. गोदामात आवक वेगळी आणि शिल्लक वेगळी. दोन्ही एका रकान्यात लिहिणाऱ्याला तिथे कुणी ठेवून घेत नाही. मास्तर पन्नाशीचे, टक्कल पडलेले, पण बूट चकचकीत. बूट इतके पुसणाऱ्या माणसाचा त्याला भरवसा नव्हता.

शेवटी तिचं पहिल्या पातळीचं जुनं पुस्तक त्याने गुपचूप उचललं आणि जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या आडोशाला अभ्यास सुरू केला. भाषा त्याला फार आवडली. खोलीत शिरायचं असेल तर द्वितीया लागते, कोम्नातु. आधीच आत असाल तर आपल्या सप्तमीसारखी एक वेगळीच विभक्ती, कोम्नाते. शेवटच्या अक्षरावरून कळतं, माणूस दारात आहे की आत जाऊन बसलाय. वेळेचंही तसंच. 'संध्याकाळी' म्हणायला ते लोक तृतीया लावतात, वेचेरम, म्हणजे हातोड्याने खिळा ठोकावा तशी संध्याकाळने कामं उरकतात. संध्याकाळने काय काय उरकता येईल याचा विचार करता करता त्याचा डबा तसाच राहिला.

मग एका शुक्रवारी ती अंघोळीला गेल्यावर त्याने तिची वही उघडली. पानभर वळणदार, एकमेकांत गुंतलेलं हस्ताक्षर. त्याची ओळख पुस्तकातल्या छापील अक्षरांशी. एक शब्द लागेल तर शपथ. लाल शाई मात्र छापील वळणाची होती. मास्तरांनी एका वाक्यातले दोन शब्द खोडून वर सुधारून लिहिले होते, आणि खाली शेरा. त्याने बोट ठेवून वाचलं. वेचेरम. कोम्नाते. मलादेत्स.

संध्याकाळी. खोलीत. शाब्बास.

ती केस पुसत बाहेर आली तेव्हा तो वही मांडीवर घेऊन बसला होता. आजपासून क्लास बंद, परीक्षाबिरीक्षा काही नाही, असं त्याने सांगितलं. तिने कारण विचारलं.

"शिरत नाहीयेस तू," तो म्हणाला. "आत आहेस. विभक्तीच सांगतेय."

तिला आधी काही कळेना. मग खोदून खोदून विचारल्यावर खोकी, पुस्तक, दीड महिना सगळं बाहेर आलं. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने ते वाक्य मराठीत वाचलं: संध्याकाळी मी खोलीत नवऱ्याची वाट बघते. गृहपाठ होता, आपल्या दिवसावर पाच वाक्यं लिहा. आपल्याकडे जायलाही खोलीत आणि असायलाही खोलीत, त्या सवयीने ती चुकली होती, आणि 'संध्याकाळी'लाही तिने आपली सप्तमीच लावली होती.

"दीड महिना घासून तुम्ही मास्तरांचं तेवढं अक्षर वाचायला शिकलात," ती म्हणाली. "माझं त्याच ओळीत होतं."

तो क्षणभर खुलला. माझी वाट बघतेस होय, असं काहीसं पुटपुटलाही. मग कपाळावर पुन्हा आठी चढली.

"पण हे त्यांना कशाला सांगायचं?"

ती उठली, केस बांधले, वही पिशवीत टाकली.

"त्यांनी विचारलं होतं," चपला पायांत सरकवत ती म्हणाली, आणि क्लासला गेली.