मी डोको, एका बाजूने कापलेला

मित्रांनो, मी एक जुना डोको आहे. आमच्या नेपाळच्या डोंगरात पाठीवर ओझं वाहायची बांबूची खोल टोपली असते, तोच मी. माझा पट्टा माणसाच्या कपाळावर टेकतो आणि भार पाठीवर येतो. मला हर्कबहादुर राई यांनी विणलं, आपल्याच परसातल्या बांबूच्या कामट्या तासून. विणून झाल्यावर मला पालथं घालून ते वर उभे राहिले. मी कुरकुरलोसुद्धा नाही. "पोरगं पक्कं निघालं," असं म्हणून त्यांनी मला थोपटलं.

पुढे मी मीठ वाहिलं, संत्री वाहिली, शेणखत वाहिलं. चढावर तरणी पोरं धापा टाकत बसायची आणि आम्ही दोघं पुढे निघून जायचो. हर्कबहादुरांना त्याचा फार अभिमान होता. कुणी हात पुढे केला तर ते तो झटकून टाकत.

मग तो भाद्रपद आला. त्यांचा मुलगा आखातात कामाला होता, घरात सून मनमाया आणि ते. आदल्या दिवसापासून त्यांचं पोट दुखत होतं. "गॅस आहे, ओव्याचं पाणी दे," एवढंच ते म्हणायचे. सकाळी मनमायाने आरोग्य चौकीतल्या नर्सला बोलावून आणलं. तिने पोटाची उजवी बाजू दाबली. हर्कबहादुर ओरडले नाहीत, पण चेहरा राखेसारखा झाला.

"अपेंडिक्स दिसतंय. आजच सरकारी इस्पितळात न्या," नर्स म्हणाली. "रस्त्यावर दरड आहे, उचलूनच न्यावं लागेल. आणि वाटेत दुखणं एकदम थांबलं तर बरं वाटलं म्हणून मागे फिरू नका. तेव्हा उलट जास्त घाई करा."

"मी जात नाही," हर्कबहादुर म्हणाले. "सुनेच्या पाठीवर बसून बाजारातून मिरवू? त्यापेक्षा इथेच पडतो."

गावात धडधाकट पुरुष उरला नव्हता, सगळे परदेशात. शेजारची साईली तेवढी धावत आली. ती विधवा बाई.

"हर्कदादा, माझा माणूसही असाच म्हणायचा, उद्या बघू," ती म्हणाली. "काय झालं ते तुम्ही पाहिलंत. उठा."

"तू मध्ये पडू नकोस!"

मनमाया कोयता घेऊन माझ्यासमोर बसली.

"हात लावू नकोस त्याला! माझ्या हातचा आहे तो!"

तिने घाव घातला. पाय बाहेर सोडून माणसाला बसता यावं म्हणून काठापासून अर्ध्यापर्यंत माझी एक बाजू कापून काढली. कामट्या कडाकड तुटल्या. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आता आपण चुलीतच जाणार. तिने आत घोंगडी घातली आणि मला सासऱ्यासमोर ठेवलं. हर्कबहादुरांनी माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"फाडलाच आहेस, तर आता काय," ते पुटपुटले आणि बसले.

दोघी आळीपाळीने आम्हाला वाहत होत्या. प्रत्येक ठेचेला हर्कबहादुरांची मूठ माझा काठ आवळायची. झुलत्या पुलाच्या मध्यावर, मी मनमायाच्या पाठीवर असताना, ती मूठ अचानक सुटली.

"थांबलं! सूनबाई, दुखायचं थांबलं बघ! उतरव मला, घरी चल."

त्यांनी पाय टेकायला अंग बाहेर झोकलं. मी कलंडलो. पूल हेलकावला. पट्ट्याने मनमायाची मान मागे ओढली गेली आणि खाली गढूळ नदी घोंघावत होती.

"बा, पाय वर घ्या."

"मी मोठा की तू मोठी?"

"मोठे तुम्हीच. पण आत्ता चालणारे पाय माझे आहेत. पडलो तर दोघं पडू, मी उतरवणार नाही!"

मागून साईलीने त्यांचा पाय धरून वर केला. मनमाया जवळजवळ पळतच सुटली. त्यांचा थंड घाम माझ्या कामट्यांमध्ये झिरपत होता, आणि आता ते भांडतही नव्हते. त्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली.

इस्पितळात डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांना लगेच आत नेलं. मनमाया भिंतीशी माझा पट्टा हातात गुंडाळून बसली. तिच्या कपाळावर त्याचा लाल वळ उठला होता. डॉक्टर बाहेर आले.

"आतल्या आत फुटलं होतं," ते म्हणाले. "वेळेवर आणलंत. वाचतील."

शुद्धीवर आल्यावर हर्कबहादुरांनी पहिला प्रश्न केला, "डोको पावसात तर नाही ना ठेवला?" मनमाया हसली आणि हसता हसता रडू लागली. मग ते भिंतीकडे तोंड वळवून म्हणाले, "तुझी मान फार दुखते का गं?"

घरी आल्यावर मी कुचकामी ठरलो. माझ्यात गवत ठरेना. कोंबडीच्या पिल्लांवर पालथा घातला, तर पिल्लं भगदाडातून पसार! शेवटी ओल्या भिंतीशी पडून मला बुरशी चढली.

एके दिवशी वरच्या वाडीतली म्हातारी पडली, मांडी मोडली. ती इस्पितळात जायला तयार होईना. हर्कबहादुरांनी मला उचललं, पुसलं, खिळखिळ्या कामट्या नव्या वेताने बांधल्या. आता त्यांना ओझं झेपत नव्हतं, म्हणून मला मनमायाने पाठीवर घेतलं, पण तेही बरोबर वर चढले.

"आजी, शिव्या वाटेत द्या," ते म्हणाले. "मीही दिल्या होत्या. सुनेने ऐकल्या नाहीत म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. बसा."

म्हातारी बसली.

तेव्हापासून हर्कबहादुर मला चुलीच्या वर, धुरात टांगून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात अडचणीच्या वेळी लागणारी एखादी जुनी वस्तू असेल. तिला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून हात फिरवून बघा. नेमकी तातडीच्या वेळी ती कुजलेली निघाली, तर पाठीवर घ्यायला तयार असलेलं माणूसही काय करील?