दारदूत

मिसेस ब्रेथवेटनी टिलीच्या स्वेटरला पिवळा बिल्ला लावला, एक पाऊल मागे सरून तो सरळ आहे ना ते पाहिलं आणि स्वतःच टाळ्या सुरू केल्या. बिल्ल्यावर लिहिलं होतं : दारदूत. सहा वर्षांच्या टिलीनं साऱ्या सभागृहावर नजर फिरवली. यापुढे सगळ्यांनी जरा नीट वागावं, असं त्या नजरेत होतं.

विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष नेल ऑग्डन, वय वर्षं दहा, यांनी मात्र टाळी वाजवली नाही.

यॉर्कशरमधल्या टेकडीवरच्या या शाळेत मुलं त्रेसष्ट होती आणि पदं एकसष्ट. उरलेले दोघे गोवर आल्यामुळे सुटले होते. नेलला निवडून आल्यापासून एकच गोष्ट हवी होती : मुलींच्या स्वच्छतागृहातल्या मधल्या दाराला कडी. सप्टेंबरच्या सभेत तिनं ती मागितली. मुख्याध्यापिका मिसेस ब्रेथवेटनी मान डोलावत लिहून घेतलं, आणि आठवड्याभरात ‘तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं’ या फळ्यावर उत्तर झळकलं : दारावर डॉल्फिनचं चित्र. नोव्हेंबरात तिनं पुन्हा मागितली. त्याचं उत्तर आता पिवळा बिल्ला लावून उभं होतं.

“मिस, आम्ही कडी मागितली होती.”

“कडी काय गं बाळा, कुणीही बसवेल,” मिसेस ब्रेथवेट म्हणाल्या. “जबाबदारी बसवायला वेळ लागतो.”

टिलीच्या अंगात ती पहिल्याच दिवशी बसली. जेवणाच्या सुट्टीत ती दोन्ही तळवे दाराला लावून उभी राहायची.

“आटप ना शार्लट, माझं कस्टर्ड गार होतंय!”

“तू ढकलू नको आधी!”

“ढकलत नाहीये, धरतेय. बिल्ला वाच.”

मार्चमध्ये तपासणीच्या बाई आल्या. त्या परिषदेशी बोलायला बसल्या तेव्हा मिसेस ब्रेथवेट योगायोगानं तिथलीच कपाटं आवरत होत्या.

“आणि तू काय करतेस?” बाईंनी टिलीला विचारलं.

“दार धरते.”

“वा! येणाऱ्या पाहुण्यांसाठी?”

“नाही. आत कुणीतरी शू करत असतं.”

बाईंचं पेन थांबलं. “मग ते धरावं का लागतं?”

“कडी नाही म्हणून,” टिली म्हणाली. मोठ्या माणसांना समजायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं.

नेल छताकडे बघत राहिली. कपाटांची आवराआवर थांबली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी शाळेचे देखभालवाले मिस्टर सग्डन आले आणि त्यांनी चार मिनिटांत कडी बसवली. त्यातलं एक मिनिट चष्मा शोधण्यात गेलं.

शुक्रवारी परिषद भरली तेव्हा टिली हातात बिल्ला घेऊन उभी होती.

“आता मी कोण?”

कंपोस्टमंत्री ऑस्कर उठला. “कडी काढून टाकावी, असा ठराव मी मांडतो. टिलीला आपण निवडलंय. कडीला कुणी निवडलं?”

“अरे, पण कडी चांगली आहे!” शार्लट ओरडली.

“टिली वाईट आहे का?”

हात वर झाले. कडी काढायच्या बाजूनं पाच, राहू द्यायच्या बाजूनं पाच. अध्यक्षांचं मत तेवढं उरलं. सगळ्यांनी आधी मिसेस ब्रेथवेटकडे पाहिलं.

“हा मुलांचा निर्णय आहे,” त्या म्हणाल्या, आणि वर्षात पहिल्यांदाच खरोखर गप्प बसल्या.

नेलनं बिल्ल्याकडे पाहिलं नाही. टिलीकडेही नाही.

“पाच मिनिटं सुट्टी,” ती म्हणाली आणि थेट मधल्या दाराआड गेली. कडी सरकवली. खट्‌ असा नेमका, गुळगुळीत आवाज झाला. वर्षभर तिला हाच ऐकायचा होता. ती बसली. एक हात दाराकडे ताणून ठेवायची गरज नव्हती. मोकळे झालेले दोन्ही हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना, म्हणून तिनं ते मांडीवर ठेवले.

तेवढ्यात दाराखालच्या फटीत दोन छोटे काळे बूट येऊन थांबले. एकाची नाडी सुटलेली होती.

“नेल, आत आहेस ना?”

“हो.”

“घाबरू नको. मी धरलंय.”

नेलनं त्या बुटांकडे पाहिलं. मग हात लांब करून, जराही आवाज होऊ न देता, तिनं कडी मागे सरकवली.