वगळलेलं नववं प्रकरण

प्रकरण आठ. हिंदी मुलखातल्या नानाखेडा वस्तीतल्या घरी वासंतीआत्या डोळ्यावर पट्टी लावून पडली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन कालच झालं होतं. भाची निहारिका तिला तिची लाडकी कादंबरी वाचून दाखवत होती.

प्रकरण दहा, पहिली ओळ.

“थांब. नववं कुठं गेलं?”

“त्यात आई मरते, आत्या. डॉक्टरांनी रडायला सख्त मनाई केलीय.”

“लग्नाआधीपासून रडतेय मी तिथं. आज नाही रडणार. पण गाळू नकोस.”

प्रकरण नऊ. आत्या खरंच रडली नाही. निहारिका वाचत होती तसे तिचे ओठ हलत राहिले. शेवटच्या पानावर निहारिकाचाच आवाज अडकला.

“चलो, अब रोनेवाले दो हो गए,” आत्या खुशीत म्हणाली. “पाणी पी, आणि तेवढं पान परत वाच.”